आमच्या घरी चिमी आली

कुत्रे पाळावे असे आमच्या घराण्यात कोणाला कधी वाटले नव्हते. जागेची अडचण हे त्याचे एक कारण, पैशाची ओढाताण हे दुसरे आणि आमच्या मातोश्री हे तिसरे. तिसरे कारण पहिल्या दोहोंपेक्षा किती मोठे होते, ते यंदाच्या पावसाळ्यात समजले.

आम्ही राहतो विक्रोळीच्या कन्नमवार नगरात. दोन खोल्या, एक मोरी, आणि माणसे पाच. आम्ही लिपिक, शिक्षण बी. कॉम. सकाळी दहा ते सहा फायली आणि संध्याकाळी व रविवारी समाजाचे काम, असा आमचा गेल्या वीस वर्षांचा क्रम. आमच्या घरच्या आयुष्मती महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहेत. कन्या अकरावीला, चिरंजीव सहावीला. आणि आई. तिचे वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, पण जीभ शाबूत.

जूनच्या अखेरीस तीन दिवस सारखा पाऊस लागला होता. आमच्या इमारतीच्या पंपाच्या खोलीमागे एका कुत्रीने पिल्ले घातली होती. नर पिल्ले ज्याने त्याने उचलून नेली. पुढे कुत्रीही एका टेम्पोखाली सापडली. उरली एक मादी. तिला कोण नेणार? आमच्या चिरंजीवांनी तिला शाळेच्या रेनकोटात गुंडाळून चार मजले वर आणले आणि दारातच उभे राहिले. आत यायचे धाडस त्यांना होईना, कारण दारासमोर आजी बसली होती.

“खाली ठेवून ये,” आई म्हणाली. एवढेच.

पोरगा रडू लागला. कन्या मध्ये पडली. आयुष्मतींनी पिल्लाचे कान उलटून पाहिले आणि गोचिड्या आहेत म्हणून सांगितले. आम्ही तोडगा काढला की पाऊस थांबेपर्यंत राहू द्यावे. समाजकार्यात वीस वर्षे काढल्यावर एवढे कळते की, मिटत नसलेला वाद पुढच्या बैठकीवर ढकलावा.

पण त्याच संध्याकाळी एक प्रकार घडला, तो आम्ही विसरणार नाही. पोराने पिल्लाला पाणी ठेवायला फळीवरचा एक कप काढला. कान तुटलेला, टवका उडालेला. कोणी वापरत नव्हते, म्हणून त्याने घेतला. तो कप पिल्लासमोर ठेवलेला आईने पाहिला आणि ती उठली. उठताना तिला नेहमी भिंतीचा आधार लागतो, त्या दिवशी लागला नाही. तिने कप उचलला, पाणी मोरीत ओतले, कप कचऱ्याच्या डब्यात टाकला.

“फुटका कप या घरात कोणाला द्यायचा नाय. माणसाला नाय, जनावराला नाय.”

मग तिने स्वयंपाकघरातून एक स्टीलची वाटी आणून ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. पिल्लाकडे पाहिलेसुद्धा नाही.

रात्री मुले झोपल्यावर ती बोलली. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. १९५६ ची धम्मदीक्षा झाली तेव्हा आई तान्ही होती. १९५८ च्या कायद्याने महार वतनही गेले. पण वतन गेले म्हणजे गावाची रीत गेली असे नव्हे. आई सात-आठ वर्षांची असताना बापाबरोबर एका मोठ्या घरी मजुरीचे पैसे मागायला जायची. बाप अंगणात उन्हात उभा. वर ओसरीच्या सावलीत त्या घरचे कुत्रे पाय ताणून झोपलेले. कुत्र्याची थाळी उंबऱ्याच्या आत. आमच्या आज्यासाठी वेगळा ठेवलेला कप बाहेर, वळचणीला खोचलेला, कान तुटका. चहा वरून ओतायचे, कप आपणच विसळून पुन्हा वळचणीला खोचायचा.

“मला त्या कुत्र्याचा राग यायचा,” आई म्हणाली. “कुत्र्याचा काय दोष? पण माणसाचा राग करायची सोय नव्हती, मग कुत्र्याचा करायचा.”

महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत आणि माणसांना बंदी, हे आम्ही दरवर्षी २० मार्चला भाषणात सांगतो. १९२७ साल सांगतो, सगळे सांगतो. वळचणीचा कप आमच्या आईने आम्हाला चाळिशी उलटेपर्यंत सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कन्येने नवा मुद्दा काढला. आमच्या बाहेरच्या खोलीत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एक छायाचित्र आहे, १९३४ सालचे, राजगृहावरचे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते असेल. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत, आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी आहे. कन्येने ते खिळ्यावरून काढून आजीच्या मांडीवर ठेवले. “आज्जी, हा बघ.”

आईने चष्मा लावला. ते छायाचित्र तिने हजार वेळा पाहिले असेल; त्यातला कुत्रा त्या दिवशी पाहिला. बराच वेळ पाहिला.

“हे घर कुणाचं?” तिने विचारले.

“बाबासाहेबांचं. राजगृह.”

“मग? त्यांनी सोता बांधलं. आपल्या वसरीवर आपलं कुत्रं. दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून पाळलं नाय.” आणि थोड्या वेळाने, “आपलं घर कुणाच्या नावावर हाय?”

“पप्पांच्या. मम्मीच्या पण.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

अशी चिमी आमच्या घरी राहिली. नाव आईनेच ठेवले. मुलांची नावे इंग्रजी होती, शेजाऱ्यांनी काळी, लाली असे रंग सुचवले. आई म्हणाली, रंगावरून नाव ठेवायचे नाही. आपल्या लोकांची नावे एके काळी धोंड्या, कचऱ्या, दगडू अशी असत, ती कोणी हौसेने ठेवलेली नव्हती. “हाक मारल्यावर गोड वाटलं पाहिजे.”

यापुढचे दहा-बारा दिवस सांगावे तितके थोडे. आईपासून तुटलेले दीड महिन्याचे पिल्लू रात्री रडते म्हणजे काय, ते ज्याने ऐकले त्यालाच ठाऊक. चार मजले ऐकत होते. कोणी सांगितले, गजराचे घड्याळ फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, टिकटिक ऐकून पिल्लाला धीर येतो. ठेवले. चिमी झोपली आणि पहाटे चार वाजता गजर झाला. मग आयुष्मतींनी कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली, ती मात्र लागू पडली.

आम्ही पडलो लिपिक. आम्ही कामवाटपाचा तक्ता केला आणि कपाटाच्या दारावर चिकटवला. पहाटे पाचची पाळी आमची, सातची कन्येची, रात्री दहाची आयुष्मतींची, बाकी वेळी चिरंजीव. एवढ्या लहान पिल्लाला दर दोन तासांनी, आणि खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर लगेच जागेवर न्यावे लागते. ते दिवसातून अठरा तास झोपते असे म्हणतात. आमचा अनुभव असा की उरलेले सहा तास ते आमच्याच झोपेच्या वेळी काढते.

वर्तमानपत्रे अंथरण्यावरूनही एक प्रकरण झाले. आमच्याकडे रद्दीला तोटा नाही, पण आमच्या साप्ताहिकाचे जुने अंक खाटेखाली वर्षवार बांधून ठेवलेले आहेत. चिरंजीवांनी घाईत त्यातलाच गठ्ठा ओढला. वेळेवर आमचे लक्ष गेले म्हणून बरे. तेव्हापासून नियम केला की अंथरायचा प्रत्येक कागद आधी वाचून पाहायचा. बाबासाहेबांचा फोटो, तथागतांचे चित्र, लग्नपत्रिका, निधनवार्ता, हे वगळून जे उरेल ते. क्रिकेटची पाने सर्वात जास्त उरतात.

आमच्या तक्त्यात एक भगदाड होते. अकरा ते एक या वेळेत घरात कोणी नसते. म्हणजे आई असते, पण तिचे नाव तक्त्यात नव्हते. तिने सांगितलेच होते, राहू द्या म्हटले म्हणजे मी करीन असे नाही. आम्ही कार्यालयातून फोन करायचो. “काय करते?” “झोपलीय.” एवढेच उत्तर. आठवड्याने रजेच्या दिवशी आम्ही घरी होतो, तेव्हा पाहिले. चिमी उठली, गोल गोल फिरू लागली. आई बसल्या जागेवरून नुसते “चल” म्हणाली. चिमी मोरीत गेली, बसली, परत आली. आम्ही थक्क झालो. पहाटे पाचला उठून आम्हाला जे जमले नव्हते ते आईने कोणत्याही तक्त्याशिवाय केले होते.

“माझ्या घरात घाण चालायची नाय,” आई म्हणाली. यात प्रेमाचा भाग किती आणि मोरीचा किती, आम्ही विचारले नाही.

खाण्याच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितले ते सोपे होते. गाईम्हशीचे दूध बहुतेक पिल्लांना सोसत नाही, जुलाब होतात. शिजवलेला भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे चिकन चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट कुत्र्याला विषासारखे. शिजवलेले हाड देऊ नये, त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. सुक्या बोंबलांविषयी डॉक्टर काही बोलले नव्हते. ते चिमीने स्वतःच शोधून काढले. पावसाळ्याची बेगमी म्हणून ठेवलेली पिशवी एका दुपारी रिकामी झाली आणि दोन दिवस आमच्या घराला ससून डॉकचा वास होता.

पहिल्या लसीसाठी आम्ही परळला गेलो. विक्रोळीहून सायनपर्यंत रिक्षा, पुढे रिक्षाला बंदी म्हणून टॅक्सी. तेथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. जुने मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, टॅक्सीवाल्यालाही तेच नाव कळले. १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मध्ये जंताचे औषध. डॉक्टरांनी सर्व तारखा कार्डावर लिहून दिल्या. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर जमिनीवर सोडायचे नाही. म्हणजे चार मजले उचलूनच न्यायचे.

रेबीजची लस व्हायच्या आधीच चिरंजीवांच्या बोटाला दात लागला. खेळता खेळता, चावावे म्हणून नव्हे. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, सुईसारखे. रक्ताचा एक ठिपका आला. शेजारच्या काकू धावत मिरचीपूड घेऊन आल्या, दुसऱ्यांनी चुना सांगितला. “पिल्लू आहे हो, पिल्लाच्या दाताने काही होत नाही,” असेही कोणी म्हणाले.

आमच्या आयुष्मती एरवी मवाळ. त्या दिवशी त्यांनी मिरचीपुडीची वाटी बाहेर ठेवली, पोराचा हात नळाखाली धरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणाने धुतला. आमच्याकडे पाणी ठराविक वेळच येते. टाकी निम्मी झाली, कोणी बोलले नाही. मग तशाच त्याला घेऊन महापालिकेच्या रुग्णालयात गेल्या. पिल्लाची आई रस्त्यावरची होती, तिला लस होती की नव्हती कोणास ठाऊक, आणि रेबीज पिल्लालाही होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर त्या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. “मी वॉर्डात पाहिलंय,” एवढेच त्या म्हणाल्या आणि काय पाहिले ते सांगितले नाही. रक्त आल्यामुळे जखमेत वेगळे औषध टोचले, आणि लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, दंडावर. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायचा काळ केव्हाच गेला, पण ती भीती लोकांच्या मनातून गेलेली नाही, आणि भीतीपोटी माणसे मिरचीवर भागवतात. कन्येने भावाला धीर देण्यासाठी लुई पाश्चरची गोष्ट सांगितली. १८८५ साली त्याने ही लस प्रथम दिली तो मुलगा नऊ वर्षांचा होता. चिरंजीव म्हणाले, मी अकरा वर्षांचा आहे, मी रडणार नाही. पहिल्या सुईला रडले.

चिमीला यात काही समजले नाही. तिने त्या आठवड्यात आमचे पावतीपुस्तक खाल्ले.

दरवर्षी आमचे मंडळ गरजू विद्यार्थ्यांना वह्या वाटते, त्याची वर्गणी आम्ही जमा करतो. पावतीपुस्तक टेबलाच्या खालच्या फळीवर, जेथे गेली आठ वर्षे असते तेथेच होते. संध्याकाळी आलो तर क्रमांक ४१ ते ५० च्या स्थळप्रती अर्ध्या जमिनीवर, अर्ध्या चिमीच्या पोटात. वाणिज्याच्या पदवीधराला याहून वाईट दृश्य नाही. पैसे पेटीत बरोबर होते, पण समाजाच्या पैशात नुसते बरोबर असून चालत नाही, बरोबर असल्याचे दाखवता आले पाहिजे. त्या रात्री आम्ही तुकडे सोडवून, वाळवून, चिकटपट्टीने जोडले. सात पावत्या वाचण्याजोग्या झाल्या. उरलेल्या तिघांच्या घरी जाऊन त्यांच्याकडच्या मूळ पावत्या पाहून रकमा लिहून घेतल्या. बैठकीत सर्व मांडले. हसून हसून अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आले, पण इतिवृत्तात नोंद रीतसर झाली: पावती क्र. ४१ ते ५० च्या स्थळप्रती कुत्र्याने खाल्ल्या, रकमेत तफावत नाही, सभेने पडताळणी केली.

दुसरी बैठक इतकी हसत झाली नाही. आमच्या सोसायटीत काही सभासदांनी तक्रार केली की इमारतीत रस्त्यावरचे कुत्रे आणले आहे, रोगराई होईल, काढून टाकावे. तिसऱ्या मजल्यावर एका घरी लॅब्रॅडॉर आहे, चार वर्षांचा, चांगला कमरेइतका. त्याबद्दल तक्रार नव्हती. आम्ही कारण विचारले. उत्तर आले, “तो जातिवंत आहे. तुमचं गावठी.”

सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. बोलणाऱ्याच्या मनात काही नसेलही. कुत्र्याच्या बाबतीत तो शब्द सर्रास वापरतात. पण शब्द असे असतात की कोणाच्या कानावर पडतात त्यावर त्यांचे वजन ठरते.

आम्ही आवाज न चढवता दोन गोष्टी सांगितल्या. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर अशी बंदी घालता येत नाही, जात पाहून तर नाहीच. आणि भारतीय संविधानाच्या कलम ५१ क मध्ये नागरिकाची मूलभूत कर्तव्ये आहेत, त्यात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही आहे. हे कलम १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले, ते बाबासाहेबांच्या मसुद्यात नव्हते, हेही आम्ही सांगितले. लसीचे कार्ड दाखवले. जिन्यात घाण झाल्यास आम्ही स्वच्छ करू असे लिहून दिले. विषय तेवढ्यावर थांबला. तक्रारदारांपैकी एक जण अजून लिफ्टमध्ये आमच्याबरोबर येत नाहीत. आता ते जिन्याने जातात, आमची हरकत नाही.

घरी येऊन आम्ही हकीकत सांगितली, तेव्हा कन्येने कुक्कुर जातकाची गोष्ट काढली. विहारातल्या उन्हाळी शिबिरात तिने ती ऐकली होती. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामड्याचे पट्टे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजाने हुकूम दिला की नगरातली सगळी कुत्री मारा, राजवाड्यातली तेवढी सोडून. त्या जन्मी बोधिसत्त्व स्मशानातल्या कुत्र्यांचा म्होरक्या होता. तो एकटा राजासमोर गेला आणि म्हणाला, चौकशी न करता मारणे हा न्याय नव्हे. राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकातून गवत पाजायला लावले, आणि त्यांनी चामडे ओकले.

“म्हंजे जातिवंतांनीच खाल्लं व्हतं,” आई म्हणाली, आणि कितीतरी वेळ हसत राहिली.

आषाढी पौर्णिमेला घरी वंदना झाली. त्रिशरण सुरू होताच चिमीने मान वर करून सूर लावला. मुले हसू दाबत होती. आईने वंदना न थांबवता हात मागे करून तिच्या पाठीवर ठेवला. आवाज बंद झाला. गेल्या आठवड्यात जिन्यात एक पाहुणे चिमीला “हाड, हाड” करू लागले, तेव्हा आईने दार उघडून त्यांना सांगितले, “नाव हाय तिला.” ते शब्द आई लहानपणी कुठे आणि कोणासाठी ऐकत होती, ते त्या पाहुण्यांना कसे कळावे? “कुत्र्याला काय एवढं,” असे पुटपुटत ते वर गेले.

येत्या रविवारी चिमीला तीन महिने पूर्ण होतात. रेबीजची लस द्यायची आहे, तिच्या दाखल्यावर महापालिकेचा परवाना काढायचा आहे. मागच्या खेपेस आई आली नव्हती. या वेळी म्हणते, मी पण येते, बैलघोडा हॉस्पिटल मी पाहिलेले नाही. आंबेडकर रोडनेच जायचे आहे, तर वाटेत दादरला हिंदू कॉलनीत वळून राजगृहासमोर टॅक्सी दोन मिनिटे थांबवायची असेही तिने ठरवले आहे. आम्ही विचारले, चिमीला घेऊन? “मग काय टॅक्सीत ठेवायची?” आई म्हणाली.

माणसे चार, पिल्लू एक आणि आईची काठी. एवढ्यांना घेणारा टॅक्सीवाला सायनला मिळतो का, ते रविवारी पाहायचे.